गडगे आणि ते घालणारे हात

कोकणचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे रायगड, सिंधुदुर्ग उभे राहतात. परंतु वाडीत शिरताना पाखाडीच्या दोन्ही अंगांना जे कमरेएवढे गडगे लागतात, त्यांनाही इतिहास आहे. आणि तो राबणाऱ्यांचा आहे.

गडगा म्हणजे चुना-सिमेंटावाचून रचलेले दगडांचे कुंपण. तळाशी मोठे धोंडे, दोन्ही बाजूंना बसके दगड, मध्ये बारीक दगडांची भर. वर जावे तसतशी रुंदी कमी. खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर वरचा दगड बसला पाहिजे, हा त्यातला मुख्य नियम. कोकणातला धो धो पाऊस त्याच्या फटींतून वाहून जातो, म्हणून तो टिकतो. सिमेंटच्या भिंतीला भोके ठेवली नाहीत, तर मागे तुंबलेले पाणी तिला ढकलून पाडते.

मात्र गडगा एकदा घालून भागत नाही. गुरे चढतात, मुळे शिरतात, दगड ढासळतात. दरसाल डागडुजीला हात लागतात, आणि नेमके तेच हात गावाबाहेर गेले. मुंबईत पहिली कापडगिरणी 1856 मध्ये सुरू झाली. पुढे रत्नागिरी जिल्ह्याने गिरण्यांना माणसे पुरविली. गावी बायकांनी शेत ओढले, म्हाताऱ्यांनी मनीऑर्डरीची वाट पाहिली. गडग्याकडे पाहणार कोण? 1982 च्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. परंतु एक पिढी दगडापासून तुटली होती. तोवर तारेचे कुंपण आणि यंत्राने कापलेला चिरा आला. चार दिवसांच्या रजेवर गावी येणाऱ्याने तार ओढली, तर त्याला आम्ही दोष देणार नाही.

2018 मध्ये युनेस्कोने ग्रीस, इटली, स्पेन आदी आठ युरोपीय देशांतील ही विद्या मानवजातीच्या वारशात नोंदविली. मान योग्यच आहे; पण नुसत्या मानाने चूल पेटत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की गडगा घालणाऱ्याला बिगाऱ्याचा नव्हे, कुशल कारागिराचा रोज द्यावा आणि त्याच्या हाताखाली दोन तरुण शिकू द्यावेत. कोकणात दगडांना तोटा नाही. तोटा आहे तो हातांना मिळणाऱ्या दामाचा. ते दाम मिळाले, तर पडलेला गडगा पुन्हा उभा राहील. कारण त्याचे दगड अजून तेथेच पडून आहेत.