संथ विषाणू आणि उस्मानाबादच्या १,३१,७४६ स्त्रिया

थ्रेड 🧵

'अंगावरून जातंय', 'पिशवी खराब झालीय'. गावाकडे हा आजार अशा शब्दांत बोलला जाई, तोही दबक्या आवाजात. दवाखान्याची पायरी चढेपर्यंत गर्भाशयमुखाचा कर्करोग पुष्कळदा पसरलेला असे. किती स्त्रिया अशा गेल्या, याचा हिशेबही नव्हता. १९८७ मध्ये बार्शी येथे भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतील गावे तिच्या कक्षेत होती. पुढे जे घडले त्याचा पाया हीच नोंदवही होय.

दरम्यान जर्मनीत हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी १९८३-८४ मध्ये गर्भाशयमुखाच्या गाठींतून मानवी पॅपिलोमा विषाणूचे १६ आणि १८ हे प्रकार वेगळे केले. जगातील अशा सुमारे ७० टक्के कर्करोगांमागे हेच दोन प्रकार आहेत. २००८ चे नोबेल त्यांना याच शोधासाठी मिळाले.

हा विषाणू रचनेने अगदी साधा आहे. एल-१ नावाच्या प्रथिनाच्या पाचपाच रेणूंचे ७२ गुच्छ जुळून सुमारे ५५ नॅनोमीटरचे कवच बनते आणि आत सुमारे ८,००० अक्षरांचे वर्तुळाकार डीएनए असते. बाहेर मेदाचे आवरण नाही.

त्याची जीवनपद्धती मात्र धूर्त म्हणावी लागेल. सूक्ष्म जखमेतून तो त्वचेच्या तळथरातील पेशींत शिरतो. पेशी वर सरकत पक्व होते, तसा तोही वाढतो. नवे विषाणू तयार होतात ते अगदी वरच्या, नाहीतरी झडून जाणाऱ्या पेशींत. तो रक्तात उतरत नाही, दाह माजवत नाही, त्यामुळे शरीराच्या पहारेकऱ्यांना चाहूल लागत नाही. तरीही बहुतेक स्त्रियांत दोनेक वर्षांत संसर्ग ओसरतो. जिथे तो टिकतो तिथे त्याची ई-६ आणि ई-७ ही प्रथिने पेशीचे दोन लगाम, पी-५३ आणि आरबी, निकामी करतात. तेथून कर्करोगापर्यंत साधारणतः १० ते २० वर्षे लागतात.

या दीर्घ मुदतीचा उपयोग कसा करावा, हा खरा प्रश्न होता. १९९९ मध्ये बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यात चाचणी आरंभली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, गावांचे ५२ समूह, चार गट. एका गटात विषाणूच्या डीएनएचा शोध, दुसऱ्यात पॅप स्मिअर, तिसऱ्यात सौम्य ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी. चौथ्या गटाची तपासणी नाही, केवळ नेहमीची सेवा.

निष्कर्ष २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाले. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात चौथ्या गटातील ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ जणी या कर्करोगाने दगावल्या. डीएनए गटातील ३४,१२६ पैकी ३४. म्हणजे एकाच तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. उरलेल्या दोन पद्धतींनी लक्षणीय घट झाली नाही.

असे का व्हावे? स्मिअर आणि आम्ल दोन्ही बिघडलेली पेशी शोधतात. तपासणीच्या दिवशी बिघाड दिसण्याजोगा झालेला असावा लागतो, आणि तो ओळखणारी नजरही तयार असावी लागते. डीएनए चाचणी कारणच शोधते, आणि ते पेशी बिघडण्यापूर्वी कित्येक वर्षे तेथे असते. विषाणू आढळला नाही, तर पुढची अनेक वर्षे भय फार थोडे. विषाणूचा संथपणाच येथे त्याच्या विरोधात वापरला गेला.

पण ते ६४ मृत्यू सहजासहजी ओलांडून जाता येत नाहीत. तपासणी उपयोगी असते हे पाश्चात्त्य देशांत दशकांपूर्वीच दिसले असताना एका गटाला ती न देणे नैतिक होते काय, यावर पुढे तीव्र वाद झाला. समर्थकांचे उत्तर असे की, भारतात तेव्हा राष्ट्रीय तपासणी कार्यक्रमच नव्हता, त्यामुळे 'नेहमीची सेवा' म्हणजे तपासणी नसणेच होते. हे उत्तर वस्तुस्थितीला धरून आहे. पण ते संशोधकांचा बचाव कमी आणि व्यवस्थेवरचा आरोप अधिक ठरते.

या चाचणीनंतर जगातील अनेक देशांनी डीएनए तपासणीकडे मोर्चा वळवला. एल-१ चे डीएनएविरहित पोकळ कवच वापरणारी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस २०२२ मध्ये मंजूर झाली. तोवर उस्मानाबादच्या त्या स्त्रियांपैकी सर्वांत तरुण स्त्रीनेही पन्नाशी ओलांडली होती.