पाटण ते बेळगाव : फास्टॅगला सीमा कळत नाही

पाटण : पाटणहून बेळगावला मोटारीने निघालेल्या प्रवाशाला आधी सुमारे ३५ किलोमीटरवरील कराड गाठावे लागते. तेथून राष्ट्रीय महामार्ग ४८ ने, म्हणजे जुन्या 'एनएच ४' ने, दक्षिणेकडे वळल्यावर पहिला टोलनाका किणीचा. कागल मागे टाकून कर्नाटकात शिरताच दुसरा कोगनोळीचा आणि संकेश्वरच्या पुढे तिसरा हत्तरगीचा. पहिला कोल्हापूर जिल्ह्यात, उरलेले दोन बेळगाव जिल्ह्यात. तिन्ही ठिकाणी मोटारीच्या काचेवरील एकाच पट्टीतून पैसे कापले जातात आणि कोणत्या राज्यात किती गेले, हे प्रवाशाला मोबाइलवर आलेला संदेश वाचल्यावरच उमगते.

हे फारसे जुने नाही. रोखीच्या काळात गाडीत सुट्या नोटांची चळत ठेवावी लागे, परतीची पावती जपून ठेवावी लागे आणि सुटे नसले की हातावर चॉकलेट पडे. आज ती गैरसोय गेली आहे, मात्र तिच्या जागी वेगळ्या प्रकारचे प्रश्न आले आहेत. वार्षिक पास कोठे चालतो व कोठे नाही, पट्टी काळ्या यादीत गेली तर काय, परराज्यातील नाक्यावर चुकीची रक्कम कापली गेली तर दाद कोणाकडे मागायची, याविषयी महामार्गावर नेहमी ये-जा करणाऱ्यांमध्येही पुष्कळ गैरसमज आहेत.

पट्टीत पैसे नसतात

फास्टॅग ही रेडिओ लहरींवर चालणारी पट्टी आहे. तिच्यात विद्युतघट नसतो. नाक्यावरील वाचकयंत्राने सोडलेल्या लहरींच्या ऊर्जेवरच ती जागी होते आणि आपला क्रमांक कळवते. पैसे पट्टीत साठवलेले नसतात, ते पट्टी देणाऱ्या बँकेतील खात्यात असतात. नाक्याची स्वतःची बँक वेगळी असते. पट्टीचा क्रमांक नाक्याच्या बँकेकडून भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाच्या मध्यवर्ती यंत्रणेकडे जातो, तेथील नोंदवहीत ती पट्टी कोणत्या बँकेची, वाहन कोणत्या वर्गाचे आणि पट्टी चालू आहे की बंद, हे पाहिले जाते. मगच वाहनधारकाच्या बँकेतून रक्कम वळती होते.

देशभरासाठी नोंदवही एकच असल्याने पाटणच्या सहकारी साखर कारखान्यातील कर्मचाऱ्याने कराडच्या बँकेतून घेतलेली पट्टी हत्तरगीला चालते, आणि चेन्नईपर्यंत गेला तरी चालते. राज्याची सीमा या व्यवहारात कोठेच येत नाही.

याबाबतीत भारताला उशिरा आल्याचा लाभ झाला, असे म्हणावे लागेल. अमेरिकेत न्यूजर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाच्या मोटारीतील 'ई-झेडपास' पूर्वेकडील अनेक राज्यांत चालतो, पण कॅलिफोर्नियात तेथील 'फास्टट्रॅक' लागतो. युरोपात प्रत्येक देशाने आपापले यंत्र आधी बसवले. इटलीत 'टेलिपास' १९९० मध्ये आला, पोर्तुगालमध्ये 'व्हिया व्हेर्दे' १९९१ मध्ये. या यंत्रांना एकमेकांची भाषा कळावी म्हणून युरोपीय संघाला २००४ मध्ये स्वतंत्र निर्देश काढावा लागला. भारतात फास्टॅगची सुरुवात २०१४ मध्ये झाली. १ डिसेंबर २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या चारचाकींना पट्टी बंधनकारक झाली आणि बऱ्याच मुदतवाढींनंतर १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवरील सर्व मार्गिका फास्टॅगच्या झाल्या. पट्टी नसलेल्यास दुप्पट आकारणी तेव्हापासूनची. १५ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सुधारणेने त्यात थोडा फरक केला. वैध पट्टी नसलेल्या वाहनधारकाने रोख भरल्यास दुप्पट आणि यूपीआयने भरल्यास सव्वापट, अशी तरतूद आली.

जी सीमा माणसांना लागते

कोगनोळीचा नाका मराठी वाचकाला टोलपेक्षा वेगळ्याच कारणांनी अधिक परिचित आहे. बेळगावातील मेळाव्यांना निघालेल्या महाराष्ट्रातील नेत्यांना कर्नाटक पोलिसांनी अडवल्याच्या बातम्या याच परिसरातून येतात. करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर, २०२१ मध्ये, आरटीपीसीआर अहवाल नसलेल्या वाहनांना येथूनच माघारी धाडले जात होते. ६ डिसेंबर २०२२ रोजी, सीमाप्रश्न तापला असताना, बेळगावच्या पुढे हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्रातील क्रमांकाच्या वाहनांवर दगडफेक झाली आणि दोन्ही राज्यांची एसटी वाहतूक विस्कळित झाली. सीमाप्रश्नाचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे.

वाहनाच्या क्रमांकावरील 'एमएच' ही अक्षरे अशा दिवशी जमावाला दिसतात, पण टोल आकारणाऱ्या यंत्रणेला त्यांच्याशी कर्तव्य नसते. ती वाहनाचा वर्ग पाहते, राज्य नव्हे. टोलच्या हिशेबात खरी सीमा वेगळीच आहे, आणि ती कागलला नसून रस्त्याच्या मालकीत आहे.

वार्षिक पास : कोठे चालतो, कोठे नाही

ही सीमा सर्वांत स्पष्ट दिसते ती वार्षिक पासात. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटार, जीप व व्हॅन यांच्यासाठी केंद्राने हा पास सुरू केला. सुरुवातीचे शुल्क ३,००० रुपये ठरले. एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यांपैकी जे आधी संपेल तेथे पास संपतो आणि पट्टी पुन्हा नेहमीप्रमाणे पैसे कापू लागते. नवी पट्टी घ्यावी लागत नाही. 'राजमार्गयात्रा' या अॅपवरून किंवा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून असलेल्याच पट्टीवर पास चढवता येतो. तो त्या वाहनापुरताच असतो, दुसऱ्या मोटारीवर फिरवता येत नाही.

येथे 'फेरी' या शब्दाने अनेकांची फसगत होते. नाका एकदा ओलांडणे म्हणजे एक फेरी. जाणे-येणे मिळून एक नव्हे. पाटण-बेळगाव प्रवासात किणी, कोगनोळी, हत्तरगी असे जाताना तीन आणि येताना तीन, म्हणजे सहा फेऱ्या खर्ची पडतात. या हिशेबाने २०० फेऱ्यांत बेळगावच्या ३३ खेपा होतात. पुण्याला जाणारा पाटणकर मल्हारपेठमार्गे उंब्रजला महामार्गावर आला, तर तासवडेचा नाका दक्षिणेला राहतो आणि आनेवाडी व खेड-शिवापूर हे दोनच लागतात. त्याच्या जाण्यायेण्याच्या चार फेऱ्या, म्हणजे वर्षात ५० खेपा. सुरुवातीच्या शुल्कानुसार एका नाक्याचा खर्च सरासरी १५ रुपये पडतो. महिन्यातून दोन-तीनदा हा मार्ग धरणाऱ्यास पास निश्चितच किफायतशीर आहे. दिवाळीत आणि मे महिन्यातच गावी येणाऱ्या मुंबईकराने मात्र घाई न करता आधी आपला हिशेब मांडलेला बरा.

मुंबईकराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. वार्षिक पास केवळ राष्ट्रीय महामार्ग व राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवरील नाक्यांवर चालतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग राज्य रस्ते विकास महामंडळाचा आहे. तेथे फास्टॅग चालतो, पास चालत नाही. समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू यांनाही हेच लागू. त्यामुळे पाटणचा मोटारधारक पास घेऊन परराज्यात हत्तरगीपर्यंत एकही रुपया न कापता जातो, आणि आपल्याच राज्यात खालापूरला त्याच्या खात्यातून पूर्ण टोल जातो. पास घेतला म्हणून खाते रिकामे ठेवणारे येथे अडकतात. किणी व तासवडे हे नाकेही पूर्वी महामंडळाकडे होते, ते आता राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आहेत.

राज्याने १ एप्रिल २०२५ पासून आपल्या अखत्यारीतील नाक्यांवरही फास्टॅग बंधनकारक केला. मुंबईच्या वेशीवरील पाच नाक्यांवर हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासूनच टोलमाफी आहे.

पास न घेणाऱ्यासाठी २००८ च्या शुल्क नियमांतील जुनी सवलत कायम आहे. २४ तासांच्या आत परतल्यास जाण्यायेण्याचे मिळून दीडपट शुल्क. एकेरी टोल १०० रुपये असेल तर परतताना ५० रुपयेच कापले जातात. २०२० पासून ही सवलत फास्टॅगधारकांनाच मिळते. तिच्यासाठी काही मागावे लागत नाही, परंतु चोवीस तासांचे घड्याळ प्रत्येक नाक्याचे वेगळे असते, हे लक्षात ठेवावे. सकाळी नऊला किणी आणि साडेदहाला हत्तरगी ओलांडणाऱ्यास दुसऱ्या दिवशी हत्तरगीला सवलत मिळून किणीला हुकू शकते. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या खासगी वाहनधारकांना स्थानिक मासिक पास असतो, त्याचे शुल्क २०२५-२६ मध्ये ३५० रुपये होते.

काळी यादी

पट्टीत पैसे असूनही ती बंद पडू शकते. वाहनाची वा मालकाची कागदपत्रे अपुरी असणे, एका वाहनावर दोन पट्ट्या असणे, पट्टी काचेला न चिकटवता हातात धरून दाखवणे ही त्याची नेहमीची कारणे. जुलै २०२५ मध्ये प्राधिकरणाने अशा सुट्या पट्ट्या काळ्या यादीत टाकण्याचे आदेश नाकाचालकांना दिले. पेटीएम पेमेंट्स बँकेच्या पट्ट्यांत रिझर्व्ह बँकेच्या कारवाईमुळे १५ मार्च २०२४ नंतर पैसे भरता येईनासे झाले, तेव्हा असंख्य वाहनधारकांना नव्याने पट्टी घ्यावी लागली होती.

१७ फेब्रुवारी २०२५ पासून देयक महामंडळाने आणखी एक नियम आणला. यंत्राने पट्टी वाचण्याच्या ६० मिनिटे आधीपासून ती काळ्या यादीत असेल आणि वाचल्यानंतर १० मिनिटांपर्यंत तशीच राहिली, तर व्यवहार नाकारला जाईल. यावर गदारोळ झाल्यावर प्राधिकरणाने खुलासा केला की राष्ट्रीय महामार्गांवरील नाक्यांना पट्टीची स्थिती तत्काळ कळते, त्यामुळे नाका ओलांडण्यापूर्वी केव्हाही पैसे भरले तरी चालतील. काही राज्य महामार्गांवर मात्र तेव्हा जुनीच प्रणाली होती. म्हणजे पुन्हा तीच सीमा, रस्ता कोणाचा यावर ठरणारी. रांगेत उभे राहून मोबाइलवरून पैसे भरण्याची सवय ज्यांना आहे, त्यांनी ती निदान राज्याच्या रस्त्यांवर तरी सोडावी.

मोटारीच्या खात्यात किमान शिल्लक ठेवण्याची सक्ती फेब्रुवारी २०२१ मध्ये काढण्यात आली. खाते उणे नसेल तर वाहन सोडले जाते आणि तूट अनामत रकमेतून वसूल होते.

दाद कोणाकडे मागावी

परराज्यातील नाक्यावर वाद झाला की भाषेची अडचण, मागच्या गाड्यांचे भोंगे आणि पुढच्या प्रवासाची घाई यांत बहुतेक जण पैसे देऊन सुटका करून घेतात. वास्तविक नाक्यावर भांडण्याची गरज बहुधा नसते. चुकीची वा दुबार कपात झाली असेल तर तक्रार पट्टी देणाऱ्या बँकेकडे करायची असते. ती बँक नाक्याच्या बँकेकडे रक्कम परत मागते. कोगनोळीची तक्रारही त्यामुळे कराडच्या बँकेकडेच जाते. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेल्या उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. राष्ट्रीय महामार्गांवर १०३३ हा मदतक्रमांक सर्व राज्यांत एकच आहे.

नाक्यावरच आग्रह धरावा अशी एक बाब मात्र आहे. पट्टी वैध आहे, खात्यात पुरेसे पैसे आहेत आणि नाक्याचे यंत्र बिघडल्यामुळे कपात होत नाही, अशा वेळी वाहन शुल्काशिवाय सोडून शून्य रकमेची पावती द्यावी, असा नियम मे २०१८ च्या अधिसूचनेने झाला आहे. रोख मागितल्यास हा नियम सांगावा.

याउलट, पिवळ्या रेषेपुढे म्हणजे १०० मीटरपेक्षा लांब रांग लागली तर टोल माफ, हे वाक्य आजही नाक्यानाक्यावर ऐकू येते. २०२१ मधील ते धोरण प्राधिकरणाने २०२४ मध्ये मागे घेतले. त्याच्या जोरावर वाद घालणाऱ्याचा वेळ तेवढा जातो.

घरी उभ्या असलेल्या मोटारीचा टोल दूरच्या नाक्यावर कापला गेल्याचा संदेश आला, तर तो दुर्लक्षू नये. आपला क्रमांक दुसऱ्या वाहनावर लावलेला असणे किंवा नाक्यावर क्रमांक चुकीचा नोंदवला जाणे, या दोन्ही शक्यता असतात. त्या वेळी मोटार अन्यत्र असल्याचा पुरावा, म्हणजे पेट्रोलची पावती वा सोसायटीच्या प्रवेशद्वारावरील चित्रण, तक्रारीसोबत जोडावा. मोटार विकताना पट्टी बँकेला कळवून बंद करणे हेही विसरले जाते, आणि नव्या मालकाचे टोल जुन्या मालकाच्या खात्यातून जात राहतात.

पाटण आणि कराडहून बेळगाव, गोव्याकडे भाड्याने जाणाऱ्या गाड्यांचे गणित वेगळे आहे. टॅक्सीला वार्षिक पास मिळत नाही, प्रत्येक नाक्यावर पूर्ण टोल पडतो. शिवाय फास्टॅग हा प्रवासी परवाना नव्हे. अखिल भारतीय पर्यटक वाहन परवाना नसलेल्या गाडीला सीमा ओलांडताना त्या राज्याचा कर स्वतंत्र भरावा लागतो, आणि तो भरला की नाही हे टोलचे यंत्र पाहत नाही, परिवहन विभागाचे तपासणी पथक पाहते.