तार नंतर बघू

कर्जतला खोपोली लोकल पकडली की पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी... आणि मग खोपोलीत डोंगरावरून उतरणारे ते जाडजूड पाइप. कितीदा बघितले असतील, पण त्यांचा खरा विचार केला तो परवा. निमित्त एका केबलचं!

झालं असं, की खालापूर तालुक्यातल्या एका कारखान्यात आम्ही कॅमेरावाला रोबो बसवत होतो. माझं काम सॉफ्टवेअरचं. चालू शिफ्टमध्ये कॅमेऱ्याचं चित्र मधेच गायब व्हायचं. खापर फुटलं ऑपरेटरवर. लेन्स नीट पुसत नाही म्हणे! कंत्राटी माणूस, त्याची नोकरीच जायची वेळ आली. मी दोन दिवस माझा कोड उपसत बसलो. शेवटी तोच म्हणाला, "साहेब, हात पूर्ण उजवीकडे वळला की चित्र जातं, बघा." बघितलं. रोबोच्या मनगटापाशी ऑफिसात लावतो तसली साधी नेटवर्क केबल होती, पिळून पिळून आतली तार तुटलेली. मांडणी ठरवताना आम्हीच म्हणालो होतो, "तार नंतर बघू."

मग रविवारी जरा इतिहास चाळला. पहिला औद्योगिक रोबो, युनिमेट, १९६१ साली न्यू जर्सीत जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागला. तो आंधळा होता. वस्तू ठरल्या जागी असेल तरच उचलणार. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्याच कंपनीच्या संशोधकांनी 'कॉन्साइट' तयार केलं. सरकत्या पट्ट्यावर प्रकाशाची रेघ टाकायची, वस्तू आली की ती रेघ कुठे मोडते ते कॅमेऱ्याने टिपायचं आणि रोबोला जागा सांगायची. रोबोला डोळा आला, आणि डोळ्याबरोबर तारही आली.

२००० सालचं कॅमेरा लिंक वेगवान होतं, पण केबल जेमतेम १० मीटर. म्हणजे कॉम्प्युटर रोबोच्या शेजारीच, तेलात आणि धुळीत. २००६ मध्ये गिगई व्हिजन आलं आणि नेटवर्क केबलवर १०० मीटरपर्यंत मजल गेली. लांबीचा प्रश्न सुटला. पिळाचा मात्र तसाच राहिला!

आता ते पाइप. टाटा हायड्रो कंपनी १९१० ची, खोपोलीचं वीजघर सुरू झालं १९१५ मध्ये. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचं पाणी सुमारे ५०० मीटर खाली आणायचं, त्यावर वीज करायची. पण गिऱ्हाईक कोण? मुंबईच्या गिरण्या, सुमारे ७० किलोमीटरवर. घाट मुंबईला नेता येत नव्हता आणि गिरण्या खोपोलीला. तेव्हा तार हा योजनेचा गाभाच होता. तारेत वाया जाणारी वीज करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून व्होल्टेज चढवून करंट कमी ठेवायचा. लाइन होती सुमारे एक लाख व्होल्टची. तिथे कोणी "तार नंतर बघू" म्हणालं असतं तर ते पाणी नुसतंच धबधब्यासारखं पडत राहिलं असतं.

आम्ही काय केलं? सतत वळणाऱ्या हातासाठी बनवलेली केबल आणली. वळण केबलच्या जाडीच्या निदान दहापट मोठं ठेवलं, मनगटापाशी थोडी ढील सोडली. मोटरच्या पॉवर केबलपासून डेटा केबल लांब नेली, जिथे ओलांडायची तिथे काटकोनात. मग हात सावकाश प्रत्येक टोकाला वळवून बघितला. केबल कुठे ताणते ते सांगायला तोच ऑपरेटर शेजारी उभा होता.

चित्र त्यानंतर गेलेलं नाही. चूक आमची होती हे मीटिंगमध्ये सांगायला मात्र मला आणखी एक दिवस लागला. तो दिवस त्या माणसाने कसा काढला असेल, हे मी अजून विचारलेलं नाही.

असो. पुढच्या ड्रॉइंगवर पहिली रेघ केबलची.