हलती पणती : साध्या जिफ चित्राची घडण

दिवाळीच्या शुभेच्छापत्रातील पणतीची ज्योत हलती दाखवायची असेल, तर चित्रफितीची गरज नसते; चार-सहा स्थिर चित्रे एकामागोमाग दाखवणारी एक जिफ फाइल पुरते. हा प्रकार ‘कॉम्प्युसर्व्ह’ या अमेरिकन कंपनीने १९८७ मध्ये प्रचारात आणला. प्रत्येक चौकट किती वेळ दिसावी हे ठरवण्याची आणि पारदर्शकतेची सोय १९८९ च्या आवृत्तीत आली. मात्र एका चौकटीच्या रंगपटात २५६ हून अधिक रंग मावत नाहीत. ही मर्यादा ध्यानात न घेता केलेले चित्र जडही होते आणि विटकेही दिसते.

चौकटींची रचना : ‘गिम्प’ या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ‘लेअर’, म्हणजे थर, ही एक चौकट ठरते, सर्वांत खालचा थर प्रथम दिसतो. आरंभीच चित्राचा आकार आटोक्यात आणावा. लांबी व रुंदी निम्मी केल्यास बिंदूंची संख्या एक-चतुर्थांश उरते. त्यानंतर मूळ थराच्या तीन प्रती काढून प्रत्येकीत केवळ ज्योत किंचित बदलावी. पार्श्वभूमी जागची हलू देऊ नये. थराच्या नावापुढे कंसात रोमन लिपीत मिलिसेकंदांचा आकडा व ‘एमएस’ ही अक्षरे लिहिल्यास ती चौकट तितका वेळ टिकते. मंद ज्योतीसाठी १५० ते २०० मिलिसेकंद योग्य होत.

वजन आणि रंग : ‘फिल्टर्स’मधील ‘ॲनिमेशन’ या गटात ‘प्लेबॅक’ने चित्र चालवून पाहता येते. त्याच गटातील ‘ऑप्टिमाइझ’ बदललेला भाग तेवढा ठेवून उर्वरित पुनरावृत्ती वगळते. जिफमध्ये बिंदू पूर्ण पारदर्शक असतो किंवा पूर्ण अपारदर्शक, अर्धपारदर्शकता नसते. म्हणून ज्योतीभोवतीचे मऊ तेजोवलय पार्श्वभूमीवरच रंगवावे, अन्यथा त्याची कड दातेरी होते. आकाशासारख्या हळूहळू बदलणाऱ्या छटांत पट्टे उमटतात. ते लपवण्यासाठी रंगांचे ठिपके मिसळता येतात, परंतु त्यामुळे फाइलचे वजन वाढते. सपाट रंगांचे रेखाचित्र जिफला अधिक मानवते.

निर्यात : निर्यातीपूर्वी मूळ काम ‘एक्ससीएफ’ स्वरूपात जतन करावे, जिफमध्ये गळालेले रंग पुन्हा मिळत नाहीत. मग ‘फाइल’ मेनूतील ‘एक्स्पोर्ट ॲज’ निवडून नावाला जिफचा प्रत्यय द्यावा. समोर येणाऱ्या खिडकीत ‘ॲज ॲनिमेशन’वर खूण केली नाही, तर सर्व थर एकत्र होऊन स्थिर चित्रच हाती येते. अखंड आवर्तनासाठी ‘लूप फॉरेव्हर’ निवडावे. ‘फोटोशॉप’मध्ये हेच काम ‘टाइमलाइन’ पटलातील ‘क्रिएट फ्रेम ॲनिमेशन’ने होते व निर्यात ‘सेव्ह फॉर वेब’मधून करतात.

दक्षता : संपूर्ण चित्र झपाट्याने उघडझाप करणारे नसावे. तीव्र लखलखाटाने प्रकाशसंवेदी अपस्माराच्या रुग्णांना झटका येऊ शकतो. म्हणूनच संकेतस्थळांच्या सुलभतेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे एका सेकंदात तीनपेक्षा अधिक लखलखाट टाळण्यास सांगतात. तसेच शुभेच्छेचा मजकूर प्रत्येक चौकटीत स्थिर ठेवावा. ज्योत हलली तरी अक्षरे वाचता आली पाहिजेत.