प्रतिजैविक-प्रतिरोधी जीवाणू : प्रयोगशाळेतील चाळणी चाचण्या

रुग्णाच्या लघवी, रक्त, पू इत्यादी नमुन्यांतून वाढवलेला जीवाणू कोणत्या प्रतिजैविकाला दाद देत नाही, हे ठरवणाऱ्या चाचण्या. रुग्णालयात त्यांचा अहवाल ‘कल्चर-सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट’ म्हणून ओळखला जातो. सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी (स्थापना 1963) श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय संलग्न आहे. जिल्ह्यासह धाराशिव व कर्नाटक सीमाभागातले रुग्ण तेथे येतात. गावाकडे आधीच एखादे प्रतिजैविक घेतलेल्या रुग्णासाठी या अहवालाचे मोल फार मोठे असते.

चकती पद्धत : बॉवर, कर्बी, शेरिस व टर्क यांनी ती 1966 मध्ये प्रमाणित केली. जीवाणूंचे द्रावण 0.5 मॅकफारलंड गढूळपणाला जुळवतात. त्यात बुडवलेला स्वॅब नळीच्या कडेला दाबून निथळतात आणि थाळी दर वेळी 60 अंशांनी वळवत म्युलर-हिंटन अगारवर तीनदा फिरवतात. वर औषधाच्या चकत्या ठेवून थाळी सुमारे 35° से. तापमानात 16 ते 18 तास ठेवतात. चकतीभोवती वाढ न झालेल्या वलयाचा व्यास मोजून निर्णय देतात. अगारचा थर 4 मिमी हवा. तो जाड झाल्यास वलय आक्रसते आणि औषधाला बळी पडणारा जीवाणूही प्रतिरोधी ठरतो. म्हणून ज्ञात प्रमाण-जीवाणूची थाळीही सोबत लावतात.

विशेष चाचण्या : स्टॅफिलोकॉकस ऑरियसमधील मेथिसिलिन-रोध (एमआरएसए) 30 मायक्रोग्रॅम सेफॉक्सिटिनच्या चकतीने ओळखतात, वलय 21 मिमी किंवा कमी असल्यास प्रतिरोधी, 22 मिमी किंवा अधिक असल्यास संवेदनशील. एरिथ्रोमायसिनच्या बाजूने क्लिंडामायसिनचे वलय चपटे होऊन इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखे दिसले, तर क्लिंडामायसिनविरुद्धचा सुप्त रोध कळतो. क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल मिसळल्यावर सेफ्टाझिडिमचे वलय 5 मिमी किंवा अधिक वाढले, तर सेफ्टाझिडिमसारखी औषधे मोडणारे ईएसबीएल विकर असल्याचे सिद्ध होते. कार्बापेनेम मोडणाऱ्या विकरांसाठी एमसीआयएम चाचणी करतात. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातून 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत कार्बापेनेम-रोधी 24 पैकी 22 जीवाणूंत एनडीएम-1 हे असेच एक विकर आढळले होते.

मर्यादा : स्टॅफिलोकॉकसवरील व्हँकोमायसिनसाठी, तसेच कोलिस्टिनसाठी चकती विश्वसनीय नाही. तेथे औषधाच्या चढत्या तीव्रतेच्या द्रवात जीवाणू वाढवून, वाढ रोखणारी किमान तीव्रता काढावी लागते. क्षयरोगात जीवाणूची वाढ होण्यास आठवडे लागतात; त्यामुळे रिफॅम्पिसिन-रोध सीबीनॅट यंत्रावर जनुकातील बदलावरून सुमारे दोन तासांत तपासतात.

चकती पद्धत स्वस्त असून तिला महागडे यंत्र लागत नाही. जिल्हा पातळीवर तीच खरा आधार आहे. शक्य तेथे नमुना प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेपूर्वीच घ्यावा. औषध पोटात गेल्यावर जीवाणू थाळीवर वाढेलच याची खात्री उरत नाही.