कच्चे लिंबू आणि ब्रिजचा भिडू

इंदूरच्या आमच्या वाड्यात उन्हाळ्याच्या दुपारी मेंढीकोटाचा डाव पडे, तेव्हा भिडू ठरविण्याची एक अलिखित रीत होती. सर्वांत नवख्या पोराला सर्वांत शांत खेळाडूच्या समोर बसवीत. आमच्या वाट्याला आजी येई. आम्ही हुकूम भलत्या वेळी टाकला, तरी ती पाने गोळा करता करता एवढेच म्हणे, "पुढच्या डावाला ध्यानात ठेव." मैदानी खेळांतले 'कच्चे लिंबू' पत्त्यांतही सांभाळले जाई.

पुढे शासकीय नोकरीत एका जिल्ह्याच्या ठिकाणी आम्ही ब्रिज शिकावयास गेलो, तेव्हा ही रीत तेथे नव्हती. एका वरिष्ठ भिडूने आमच्या एका चुकीच्या उतारीवरून चारचौघांत असे काही सुनावले, की आम्ही अकरा वर्षे त्या टेबलाकडे फिरकलो नाही. निवृत्तीनंतर इंटरनेटवर पुन्हा खेळू लागलो, तर तिसऱ्याच डावात समोरचा अनोळखी भिडू एक शब्दही न बोलता निघून गेला. नवशिक्याने योग्य भिडू शोधावा तरी कसा? इतिहास चाळला, तेव्हा हा प्रश्न संगणकापेक्षा फारच जुना असल्याचे आढळले.

ब्रिजचा पूर्वज म्हणजे व्हिस्ट. लंडनमध्ये एडमंड हॉइल हे गृहस्थ व्हिस्टची शिकवणी घेत, आणि १७४२ मध्ये त्यांनी या खेळावर पुस्तिका प्रसिद्ध केली. नवख्याने पैसे मोजून जाणत्याकडून शिकावे, ही सोय तेव्हापासूनची. पुढे ऑक्शन ब्रिजच्या जन्माची जी कथा सांगतात, ती तर आपल्याच देशातली आहे. दूरच्या ठाण्यावर चौथा गडी मिळेना, म्हणून ब्रिटिश अधिकाऱ्यांनी तिघांतच डमीसाठी बोली लावण्याची युक्ती काढली, असे म्हणतात. कथा खरी मानली, तर भिडूच्या टंचाईतूनच या खेळाने एक मोठे वळण घेतले.

आजचा काँट्रॅक्ट ब्रिज १९२५ मध्ये हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी लॉस एंजलिसहून पनामामार्गे हवानाला जाताना 'फिनलँड' नावाच्या जहाजावर सिद्ध केला. तो घरोघरी पोहोचविला एली कल्बर्टसन यांनी. १९३० मध्ये त्यांचे 'ब्लू बुक' आले. बोलीची एक ठरलेली पद्धत असली, की दोन अनोळखी माणसे समोरासमोर बसूनही एकमेकांची भाषा समजू शकतात, हे लोकांना त्यातून पटले.

परंतु भाषा जुळली म्हणजे मने जुळतातच असे नाही. १९३१ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये कल्बर्टसन आणि सिडनी लेन्झ यांचा दीडशे रबरांचा प्रसिद्ध सामना सुरू झाला. कल्बर्टसन यांच्या समोर अनेकदा त्यांच्या पत्नी जोसेफीन बसत. लेन्झ यांचे भिडू होते तरुण ऑस्वाल्ड जेकोबी. लेन्झ यांनी खेळावर केलेली टीका असह्य होऊन जेकोबी १०३ रबरांनंतर सामना सोडून गेले, आणि उरलेल्या डावांसाठी दुसरा भिडू आणावा लागला. कल्बर्टसन ८,९८० गुणांनी जिंकले. दोघेही कसलेले खेळाडू असताना भागीदारी मोडली. मग नवशिक्याची ती टिकावी कशी?

नवशिक्याला खरा आधार दिला चार्ल्स गोरेन यांनी. १९४९ च्या त्यांच्या पुस्तकाने एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २ आणि गुलामाला १ गुण मोजण्याची रीत सर्वतोमुखी केली. साऱ्या पत्त्यांचे मिळून ४० गुण. एवढे हिशेब शाळकरी मुलालाही जमतात.

१९९० मध्ये अमेरिकेत मॅथ्यू क्लेग यांनी 'ओकेब्रिज' सुरू केले आणि खेळ इंटरनेटवर आला. तेथे लेहमन यांच्या पद्धतीने प्रत्येकाला क्रमांकन मिळू लागले. सरासरी ५० धरलेली. भिडू व प्रतिपक्ष यांची ताकद त्यात हिशेबात घेतली जाई. योजना चांगली होती, पण माणसाचा स्वभाव आडवा आला. आपला आकडा घसरेल या भीतीने अनेक जण कमी आकड्याच्या माणसासमोर बसेनात. २००१ मध्ये 'ब्रिज बेस ऑनलाइन' आले, तेव्हा फ्रेड गिटलमन यांनी असे क्रमांकन टाळले. आपण नवशिके, मध्यम की निष्णात, हे ज्याने त्याने स्वतःच लिहावे! आता विनय कोणी किती पाळावा, यास मोजमाप नाही. निष्णातांची संख्या अपेक्षेपेक्षा बरीच वाढली, एवढेच सांगतो.

२०२० च्या महामारीत क्लब बंद पडले आणि वयोवृद्ध खेळाडूही संगणकासमोर येऊन बसले. संगणकाचा यांत्रिक भिडू रागावत नाही, निघूनही जात नाही. सरावाला तो उत्तम. मात्र आपण चुकलो का, आणि का चुकलो, हे तो प्रेमाने सांगत नाही.

एवढ्या इतिहासातून आम्हांस असे वाटते, की नवशिक्याला सर्वोत्तम नव्हे, तर त्याच्यापेक्षा एकदोन पायऱ्या पुढचा भिडू हवा. बोलीचे चारपाच संकेत आधी ठरवावेत, अधिक नकोत. डाव चालू असताना मौन पाळावे, चर्चा मागाहून करावी. भिडू वारंवार बदलू नये.

इंदूरच्या होळकरांचे नाव राष्ट्रीय ब्रिजमध्ये होळकर चषकाच्या रूपाने आजही घेतले जाते. आपल्या गावांतून हा खेळ टिकावयाचा असेल, तर जाणत्यांनी आठवड्यातील एक संध्याकाळ नवख्यासाठी राखावी.

आम्ही सध्या बडोद्याच्या एका निवृत्त शिक्षिकेसमोर खेळतो. परवा त्यांनी राजा फुकट घालविला. संपल्यावर फोन आला, "माझंच चुकलं ना, साहेब?" आम्ही म्हणालो, "पुढच्या डावाला ध्यानात ठेवा, बाई." त्या लगेच म्हणाल्या, "मग गुरुवारी बसायचं?" अकरा वर्षे आम्ही नेमका हाच प्रश्न कोणास विचारू शकलो नव्हतो.