ठाणे खाडीतील स्थलांतरित पक्षी

ठाणे खाडी ही महाराष्ट्रातील स्थलांतरित पाणपक्ष्यांच्या प्रमुख आश्रयस्थानांपैकी एक आहे. ठाणे शहरातील नौपाडा हा भाग रेल्वेमार्गाच्या पश्चिमेस, तर खाडी पूर्वेस कोपरीच्या बाजूस आहे. मध्य आशियाई उड्डाणमार्गावरील या खाडीत पावसाळा ओसरू लागताच, म्हणजे भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास, उत्तरेकडून पक्ष्यांचे आगमन सुरू होते.

== आगमनाचा क्रम ==
चिखल्या, तुतवार, टिलवा, पाणटिवळा, कोरल इत्यादी चिखलात चरणारे पक्षी सर्वप्रथम येतात. यांतील अनेक जातींची वीण सायबेरिया व मध्य आशियात होते. बहुसंख्य जातींत प्रौढ पक्षी आधी निघतात आणि त्याच वर्षी जन्मलेली पिल्ले मागाहून, वडीलधाऱ्यांच्या सोबतीविना, हे अंतर कापतात. ऑगस्ट-सप्टेंबरात आलेल्या काही प्रौढांच्या छातीवर विणीच्या काळातील तांबूस रंग शिल्लक असतो. पुढे पिसे झडून ते करडे दिसू लागतात. त्यानंतर कुरव, सुरय व बदके येतात. रोहित अर्थात फ्लेमिंगो मोठ्या संख्येने दिसतात ते हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत.

== भरती-ओहोटी आणि निरीक्षण ==
ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या चिखलातील कृमी, शिंपले व लहान कवचधारी जीव हे या पक्ष्यांचे अन्न होय. चोचीच्या लांबीनुसार प्रत्येक जात वेगवेगळ्या खोलीवरचे भक्ष्य टिपते. त्यामुळे एकाच पट्ट्यात अनेक जाती एकत्र चरू शकतात. भरती चढू लागली की पक्षी किनाऱ्याकडे सरकतात. निरीक्षणास हीच वेळ सर्वांत सोयीची असते. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात चिखल पूर्ण बुडतो, तेव्हा पक्ष्यांना विसाव्यासाठी उंच, कोरडी जागा लागते. अशा वेळी त्यांना उडवून लावल्यास प्रवासासाठी साठवलेली ऊर्जा व्यर्थ खर्च होते.

== संरक्षण ==
राज्य शासनाने २०१५ मध्ये खाडीच्या सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्रास ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित केले. त्यात कांदळवन व जलक्षेत्र या दोहोंचा समावेश आहे. २०२२ मध्ये खाडीस रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. नांदूर मधमेश्वर व लोणार यांच्यानंतरचे हे राज्यातील तिसरे रामसर स्थळ होय. ऐरोली येथे वन विभागाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र असून तेथून बोटीने पक्षी पाहता येतात. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने येथील पक्ष्यांचा अभ्यास केला आहे.

== धोके ==
सांडपाणी, औद्योगिक प्रदूषण, गाळ, भराव आणि कांदळवनाची तोड यांमुळे अधिवासाची हानी होते. केवळ कांदळवन राखून हा प्रश्न सुटत नाही, कारण चिखलात चरणारे पक्षी दाट झाडीत उतरत नाहीत. त्यांना मोकळा चिखलपट्टाही हवा असतो. भरतीच्या वेळी पक्षी ज्या पाणथळ जागांवर विसावतात, त्यांतील काही अभयारण्याच्या सीमेबाहेर आहेत. त्या बुजल्यास खाडीत अन्न असूनही पक्ष्यांना थांबण्यास जागा उरत नाही.

== हेही पहा ==
* फ्लेमिंगो
* कांदळवन
* रामसर करार